पुस्तकापासून फळ्यापर्यंत: अभ्यासक्रम आणि अध्यापनाचे शिक्षण

अभ्यासक्रम, पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तक हे तीन शब्द बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. शिक्षणशास्त्रात ते वेगळे आहेत. मुलाने शाळेत काय व्हावे, काय जाणावे आणि काय करू शकावे याचा समग्र विचार म्हणजे अभ्यासक्रम. त्यातून एका इयत्तेच्या एका विषयाला आलेला वाटा म्हणजे पाठ्यक्रम, आणि तो शिकवण्यासाठी तयार केलेल्या अनेक साधनांपैकी एक म्हणजे पाठ्यपुस्तक. ‘पुस्तक संपवले’ म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण झाला, हा समज म्हणूनच चुकीचा आहे आणि त्याची किंमत मुले मोजतात. पुस्तक पुण्यात तयार होते, मूल हिंगोलीच्या तांड्यावर बसलेले असते. या दोहोंमधले अंतर कापण्याची विद्या म्हणजे अभ्यासक्रम आणि अध्यापन.

या विद्येचा आधुनिक पाया अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये चार प्रश्नांत मांडला. काय साधायचे, त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमाने गुंफायचे आणि साधले की नाही हे कसे ओळखायचे? पुढे या मांडणीवर टीकाही खूप झाली. तरीही आज हिंगोलीच्या एखाद्या अध्यापक विद्यालयात छात्राध्यापक पाठाचे टाचण काढतो तेव्हा उद्दिष्ट, अध्ययन अनुभव आणि मूल्यमापन यांची मांडणी त्याच चार प्रश्नांवरून उतरलेली असते.

टाचण म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने पाहता येईल. विषय शेकडेवारीचा, वर्ग सहावीचा, शाळा वसमत तालुक्यातली. पुस्तकात गुणांची किंवा दुकानातल्या नफ्याची उदाहरणे असतात. वसमतच्या मुलाच्या घरी मात्र हळद शिजवून अंगणात वाळत पडलेली असते. ओली हळद शिजवून, वाळवून साधारण पाचवा हिस्सा उरते, हे त्याला ठाऊक असते, आणि त्यासाठी ‘उतारा’ हा शब्दही त्याच्या तोंडी असतो. शिक्षक फळ्यावर लिहितो: ओली हळद ५ क्विंटल, वाळलेली १ क्विंटल, तर उतारा शेकडा किती? बहुतेक मुले २० सांगतात. एखादे मूल ८० सांगते. अप्रशिक्षित शिक्षक तिथे ‘चूक’ म्हणून पुढे जातो. ज्याला ही विद्या येते तो थांबतो, कारण ८० हा आकडा हवेतून आलेला नाही. मुलाने घट मोजली आहे. त्याला गणित येते, प्रश्न कळलेला नाही. आता उलटा प्रश्न येतो: १२ क्विंटल वाळलेली हळद हवी असेल तर ओली किती लागेल? ६० हे उत्तर ज्याने काढले, त्याने शेकडेवारी पाठ केलेली नाही, तर ती त्याच्या हातात आली आहे. चाळीस मिनिटांच्या तासिकेतला हा बारकावा म्हणजेच अध्यापनशास्त्र.

औंढा नागनाथाच्या परिसराशी जोडलेली एक परंपरागत कथा या शास्त्राचे मर्म फार नेमकेपणाने सांगते. नरसीचे नामदेव गुरूच्या शोधात आले, तेव्हा विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पहुडले होते. नामदेवांनी हटकले. ‘जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव,’ एवढेच विसोबा म्हणाले. नामदेवांनी पाय ज्या ज्या ठिकाणी ठेवले, तिथे तिथे लिंग प्रकटले. गुरूने प्रवचन दिले नाही, शिष्याच्या हाताला काम दिले आणि निष्कर्ष त्याच्यावर सोपवला. मूल स्वतःच ज्ञान रचते असे मानणाऱ्या ज्ञानरचनावादावरची जाडजूड पुस्तके याहून वेगळे फारसे सांगत नाहीत.

अभ्यासक्रम कोण ठरवतो, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. हिंगोली निजामाच्या राज्यात होती. तिथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि मराठी घरातल्या मुलाला ज्ञानाआधी परकी भाषा ओलांडावी लागे. राष्ट्रीय शाळा उभ्या राहिल्या त्या या कोंडीतून. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक असलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या आणि हिंगोली जिल्ह्याची महाविद्यालये ज्याच्या कक्षेत येतात त्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. भाषेचा प्रश्न आजही तितकाच पेटता आहे. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेबाबतचे शासन निर्णय २०२५ मध्ये जनमताच्या रेट्यामुळे मागे घ्यावे लागले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

राज्यात अभ्यासक्रम घडवण्याच्या कामाची उतरंड अशी आहे. राष्ट्रीय आराखड्याच्या आधारे राज्याचा अभ्यासक्रम आराखडा पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद तयार करते. पाठ्यपुस्तके २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या ‘बालभारती’त विषय समित्यांकडून घडतात. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रत्येक जिल्ह्यासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डायट’, ही कल्पना आली. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि आता त्याची स्वतःची डायट आहे. डायटखाली तालुक्याचे गटसाधन केंद्र, त्याखाली केंद्रप्रमुख आणि केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद येते. पुण्यातला विचार सेनगावच्या वर्गात पोहोचतो तो याच वाटेने. वाटेत तो पातळ होतो, ही खरी अडचण आहे. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात वही भरते, वर्ग बदलत नाही. त्यामुळे वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर विषय जाणणारा माणूस हवा.

या विद्येच्या शिक्षणाची वाट बारावीनंतर सुरू होते. प्राथमिक शाळेसाठी दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका आहे. जुन्या लोकांच्या तोंडी ती अजून ‘डी.एड.’च आहे. पदवीनंतर सामाईक प्रवेश परीक्षा देऊन बी.एड. करता येते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. आणि एम.एड. दोन्ही दोन वर्षांचे झाले आणि बी.एड.मध्ये किमान वीस आठवड्यांचा शाळेतला अनुभव, म्हणजे आंतरवासिता, आवश्यक ठरली. हे वीस आठवडे म्हणजे या शिक्षणाचा गाभा आहे. सूक्ष्म अध्यापन, घटक नियोजन, प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता हे सारे तिथेच खऱ्या मुलांपुढे पारखले जाते. ज्या महाविद्यालयात आंतरवासिता कागदावर उरकली जाते, तिथली पदवी पोकळ असते. प्रवेश घेण्याआधी ही एक गोष्ट माजी विद्यार्थ्यांकडून विचारून घेणे शहाणपणाचे. अभ्यासक्रम विकसनाचा सखोल अभ्यास एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातील एम.ए.मध्ये होतो. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ यांचे या विषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रम नावाजलेले आहेत. विज्ञान-गणिताच्या अध्यापनात संशोधन करायचे असेल, तर मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे.

नोकरीचा विचार करताना आधी कटू भाग सांगितला पाहिजे. २०१० नंतर कित्येक वर्षे शिक्षक भरती जवळपास थांबली, डी.एड. झालेली हजारो मुले ताटकळली आणि अध्यापक विद्यालये ओस पडली. आता भरती ‘पवित्र’ प्रणालीतून होते. पहिली ते आठवीच्या पदांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी या दोन्हींतून जावे लागते. निवड झाल्यावर आधी शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर काम करावे लागते. प्राथमिकला हे मानधन २०२३ पासून १६,००० रुपये आहे. पहिली ते पाचवीसाठी केवळ बी.एड. चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले. ज्याला लहान मुलांना शिकवायचे आहे त्याने डी.एल.एड.च करावे.

पण शिक्षकाची खुर्ची हे या विद्येचे एकमेव टोक नाही. शिक्षकाला पुढे केंद्रप्रमुख, शिक्षण विस्तार अधिकारी, डायटमधील अधिव्याख्याता या पदांपर्यंत बढतीने किंवा स्पर्धा परीक्षेने जाता येते. ‘बालभारती’च्या समित्यांवर कामावरचे शिक्षकही घेतले जातात. परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा ते जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. अध्यापक महाविद्यालयात शिकवायचे, तर एम.एड.नंतर नेट किंवा सेट लागते. ‘प्रथम’, पालघर जिल्ह्यातील ‘क्वेस्ट’ यांसारख्या संस्थांना वाचन-गणिताचे साहित्य लिहिणारे आणि शिक्षकांना वर्गात साथ देणारे लोक लागतात. ऑनलाइन शिक्षणाच्या कंपन्यांत पाठाची आखणी करणारा ‘इन्स्ट्रक्शनल डिझायनर’ हेच चार प्रश्न सोडवत असतो. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी शेतकऱ्यांचे प्रशिक्षण आखणाऱ्यालाही त्यांचीच उत्तरे शोधावी लागतात.

हिंगोलीत या कामाला वाव किती, हे कळमनुरी तालुक्याकडे पाहिले की कळते. तिथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आंध समाजाची वस्ती आहे, आश्रमशाळा आहेत. जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर घरात गोरमाटी बोलली जाते. आईला ‘याडी’ आणि भाकरीला ‘बाटी’ म्हणणारे मूल पहिलीच्या मराठी पुस्तकापुढे बसते, तेव्हा ते मठ्ठ नसते, त्याच्या भाषेतून पुस्तकाच्या भाषेत नेणारा पूल तिथे नसतो. त्यातच ऊसतोडीला आई-बाप गेले की मूलही गाडीत बसते, आणि वर्षाचे नियोजन मधोमध तुटते. परत आलेल्या मुलाला कुठून उचलायचे, कोणते घटक गाळायचे, कोणते सोडून चालणारच नाहीत, हे ठरवणे म्हणजे अभ्यासक्रमाचेच काम आहे. ते पुण्यात बसून होणार नाही. त्यासाठी त्या तांड्यावरच्या, त्या वाडीतल्या मुलामुलींनीच हे शिक्षण घेतले पाहिजे.

राज्यात २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला आहे आणि पुढच्या इयत्तांची पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलायची आहेत. आज बारावीच्या बाकावर बसलेली हिंगोलीची मुलगी यंदा डी.एल.एड.ला गेली, तर ती शिकवायला उभी राहील तेव्हा तिच्या हातात हीच नवी पुस्तके असतील.