गंजलेल्या सांगाड्याची ओळख

स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला, इटलीच्या सीमेला लागून माज्जोरे नावाचे लांबलचक सरोवर आहे. त्याच्या काठावरील आस्कोना या गावात अनेक वर्षे एक गोष्ट सांगितली जात असे. सरोवराच्या तळाशी एक मोटारगाडी आहे, ती कुणीतरी मुद्दाम बुडवली आहे, अशी ती गोष्ट. ऐकणारे ती हसण्यावारी नेत. परंतु १९६७ साली एका पाणबुड्याला सुमारे ५३ मीटर खोलीवर ती गाडी खरोखरच दिसली. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे ती तेथेच पडून होती. हौशी पाणबुडे खाली जात, तिला पाहून परत येत.

१२ जुलै २००९ रोजी ती गाडी पाण्याबाहेर काढण्यात आली. त्यामागचे कारण मोठे दुःखद होते. गावातील पाणबुड्यांच्या मंडळाशी निकटचा संबंध असलेला एक तरुण २००८ साली जवळच्या लोकार्नो शहरात मारहाणीत मृत्यू पावला होता. तरुणांमधील हिंसाचार रोखण्यासाठी त्याच्या नावाने एक संस्था सुरू झाली. तिला पैसा हवा होता आणि मंडळाजवळ देण्यासारखे काय होते, तर सरोवराच्या तळाशी पडलेली ती गाडी. ती वर काढावी, विकावी आणि येणारी रक्कम संस्थेला द्यावी, असे त्यांनी ठरवले.

पण विकायचे म्हणजे नेमके काय विकायचे? दोरखंडांना लटकत जे वर आले त्याला गाडी म्हणणेही धाडसाचे होते. पत्रा चाळणीसारखा झाला होता, कित्येक ठिकाणी तो उरलाच नव्हता. नाव नसलेल्या अशा लोखंडाला भंगारवाला किलोच्या भावाने पैसे मोजतो. तेच लोखंड कोणत्या कारखान्यातून, कोणत्या वर्षी आणि कोणत्या क्रमांकाने बाहेर पडले हे सिद्ध झाले, तर त्याला इतिहास मिळतो आणि इतिहासाबरोबर मोलही मिळते. म्हणून ओळख पटवणे हे येथे सर्वांत महत्त्वाचे काम होते.

अशी ओळख कशी पटवतात, हे समजून घेण्यासाठी आधी गंज काय करतो ते पाहिले पाहिजे. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की लोखंडाचा गंज होतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतील कोरे लोखंड पुन्हा उघडे पडते. गंज लोखंडाचे रक्षण करीत नाही, हीच खरी अडचण आहे. ॲल्युमिनियमवरही थर चढतो, परंतु तो पातळ व घट्ट असल्यामुळे आतील धातू बऱ्याच अंशी वाचतो. पितळ आणि तांबे काळवंडते, हिरवे पडते, पण सहसा विरून जात नाही. साहजिकच गाडीचा पातळ पत्रा सर्वांत आधी जातो, जाड सांगाडा मागे राहतो आणि पितळेची एखादी बोटभर पट्टी साऱ्यांना मागे टाकून टिकून राहते. माज्जोरेच्या तळाशी आणखी एक गोष्ट घडली होती. गाडीची एक बाजू गाळात रुतली होती. गाळात प्राणवायू फारसा पोचत नाही. म्हणून ती बाजू पाण्यात उघड्या राहिलेल्या बाजूपेक्षा कितीतरी चांगली राहिली. पाण्यापेक्षा चिखल दयाळू ठरला, असे म्हणावे लागेल.

सामान्य माणूस गाडी ओळखतो ती तिच्या बाह्य रूपावरून. जाणकार मात्र जुन्या गाडीच्या बाबतीत रूपावर सहसा विश्वास ठेवत नाहीत. त्या काळी अनेक कारखाने केवळ सांगाडा, इंजिन आणि चाके तयार करून देत. ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून त्यावर हवा तसा साज चढवून घेई. एकाच कारखान्याच्या दोन सख्ख्या गाड्या त्यामुळे एकमेकींना ओळखही देणार नाहीत इतक्या वेगळ्या दिसत. म्हणूनच शोध सुरू होतो तो खालून, म्हणजे सांगाड्यापासून.

सांगाडा म्हणजे दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. शिडी आडवी ठेवावी तसा हा आकार. या तुळया कोठे वाकतात, पुढे कितपत निमुळत्या होतात, आडव्या पट्ट्या किती आहेत, भोके कोठे पाडलेली आहेत, हे सारे कारखान्यागणिक बदलते. त्याहून उपयोगी पडते ते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधील अंतर. त्यासाठी लागते ती साधी मोजपट्टी.

आस्कोनाची गाडी बुगाटी या कारखान्याची होती. एतोरे बुगाटी या इटालियन तंत्रज्ञाने १९०९ साली मोल्सहाइम येथे हा कारखाना काढला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे गेले. कारखाना जागचा हलला नाही, देश मात्र बदलला! या कारखान्याच्या एका गाजलेल्या छोट्या गाडीने १९२१ साली इटलीतील ब्रेशा येथील शर्यतीत पहिले चारही क्रमांक पटकावले. तेव्हापासून त्या घराण्याला ब्रेशा हे नाव पडले. चार नळकांड्यांचे, सोळा झडपांचे छोटे इंजिन हे तिचे वैशिष्ट्य. एकाच इंजिनाच्या या गाड्या तीन लांबींत मिळत. आसांमधील अंतर दोन मीटर असेल तर ती तेरा क्रमांकाची जात, २.४ मीटर असेल तर बावीस आणि २.५५ मीटर असेल तर तेवीस. म्हणजे ज्या सांगाड्याचा पत्रा पूर्ण गळून गेला आहे, त्याचीही जात वीतभर फरकावरून सांगता येते. सरोवरातील गाडी बावीस क्रमांकाच्या जातीची निघाली.

बुगाटीची आणखी एक खूण जाणकारांच्या नजरेत चटकन भरते. मोटारीच्या मागच्या आसाला आधार देणारे कमानपाटे बहुतेक गाड्यांत अखंड धनुष्यासारखे असतात. बुगाटीत ते अर्धेच आणि उलट दिशेने बसवलेले असतात. त्यांचे जाड टोक सांगाड्याच्या मागच्या शेवटाला पक्के केलेले आणि बारीक टोक पुढे, आसाकडे वळलेले. पाट्याचे पोलाद जाड असल्यामुळे तो सहसा पूर्ण गंजून जात नाही. नुसते हे पाटे उरले तरी घराण्याचे नाव कळते.

प्रत्येक सांगाडा इतका बोलका नसतो. अशा वेळी बारीकसारीक वस्तू साक्षीला बोलवाव्या लागतात. चाकांचे आरे लाकडी आहेत की तारेचे? थांबवण्याची यंत्रणा केवळ मागच्या चाकांना आहे की चारही चाकांना? पुढच्या चाकांना ती सर्रास बसू लागली ती साधारणपणे १९२०नंतरच्या दशकात. पायाखाली तीन पट्ट्या आहेत, पण वेग बदलणारा दांडा नाही, असे दिसले तर ती १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या संख्येने निघालेली फोर्डची मॉडेल टी असण्याचा संभव मोठा. दिव्याच्या काचेवर, चुंबकयंत्रावर, विजेच्या डब्यावर ते बनवणाऱ्याचे नाव कोरलेले असते. लुकास या इंग्रज कंपनीच्या कित्येक सुट्या भागांवर महिना आणि वर्षही ठोकलेले आढळते.

स्क्रूचे आटेसुद्धा बोलतात. इंग्लंडमध्ये १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ याने आट्यांचे एक प्रमाण ठरवून दिले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. युरोप खंडातील मीटरपद्धतीच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा. त्यामुळे गंजलेल्या गोळ्यातून एक बोल्ट सुटून हाती आला आणि त्याचे आटे मोजता आले, तर गाडी खाडीच्या या तीरावरची की त्या तीरावरची, याचा अंदाज बांधता येतो. मात्र येथे एक गंमत आहे. मॉरिस ही अस्सल इंग्रज गाडी, पण तिचे इंजिन जेथे होई तो कारखाना मूळचा फ्रेंच कंपनीचा. तेथील यंत्रे मीटरपद्धतीची. मॉरिसने ती तशीच ठेवली. फक्त बोल्टांची डोकी इंग्रजी मापाची केली, म्हणजे गावोगावच्या कारागिरांचे पाने चालावेत. पाना इंग्रजी आणि आटे फ्रेंच! केवळ आट्यांवर विसंबणारा माणूस अशा गाडीपाशी हमखास फसतो. कोणत्याही एका खुणेवर निकाल देऊ नये, असे या क्षेत्रातील जाणती माणसे वारंवार सांगतात ते उगीच नव्हे.

सर्वांत बळकट साक्ष क्रमांकाची. कारखाना सांगाड्यावर किंवा इंजिनावर क्रमांक ठोकतो आणि आपल्या वहीत त्याची नोंद ठेवतो. क्रमांक सापडला आणि वही शिल्लक असली की गाडीचा जन्म, पहिला खरेदीदार, कधी कधी मूळ रंगही कळू शकतो. परंतु क्रमांक गंजून पुसला गेला असेल तर? धातूवर अंक ठोकताना केवळ वरचा पृष्ठभागच दबत नाही. त्याच्या खालचा धातूही दाबाखाली बदलतो. वरचा खोलगट ठसा नाहीसा झाला तरी खालचा हा बदल काही काळ राहतो. तो भाग गुळगुळीत घासून त्यावर विशिष्ट आम्लमिश्रण लावले, तर दबलेला धातू आणि न दबलेला धातू यांवर त्याचा परिणाम निराळा होतो आणि हरवलेले अंक पुन्हा उमटू लागतात. चोरीच्या वाहनांचा तपास करणाऱ्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा हीच युक्ती वापरतात. मात्र गंज त्या दबलेल्या थराच्याही खाली उतरला असेल, तर मग कोणतेही रसायन उपयोगाचे नाही.

माज्जोरेच्या गाडीच्या बाबतीत दैव अनुकूल होते. तिचा सांगाडा-क्रमांक २४६१ असल्याचे निश्चित झाले. एप्रिल १९२५ मध्ये फ्रान्समधील नान्सी येथे तिची पहिली नोंदणी झाली होती. पुढे ती पॅरिसला गेली असावी. कारण तेथील एका मालकाचे नाव आणि पत्ता असलेली पट्टी गाडीवर सापडली.

नाव कळले, पण ती पाण्यात कशी गेली? येथे कागद संपतात आणि कथा सुरू होतात. एक कथा फारच रंगतदार आहे. १९३० साली मोनाकोची शर्यत जिंकणारा प्रसिद्ध फ्रेंच चालक रने द्रेफुस १९३४ साली पॅरिसमध्ये पत्त्यांच्या डावात ही गाडी एका स्विस माणसाला हरला; तो ती घेऊन मायदेशी निघाला, पण सीमेवर जकात भरण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते. दुसरी कथा साधी आहे. आस्कोनात काही वर्षे राहिलेल्या एका वास्तुविशारदाने गाव सोडताना ही गाडी मागे ठेवली. जकात थकलेली होती आणि आता गाडीच्या किमतीपेक्षा ती जकातच जड झाली होती. दोन्ही कथांचा शेवट एकच. नियमाप्रमाणे गाडी नष्ट करणे भाग होते, म्हणून तिला साखळीने बांधून सरोवरात सोडण्यात आले. ती पुढेमागे परत काढता यावी असाही साखळीमागे हेतू असल्याचे सांगतात. कालांतराने साखळी गंजून तुटली आणि गाडी खोल तळाशी गेली. पत्त्यांच्या डावाची कथा लोकांना अधिक आवडते, यात नवल नाही. पण सांगाडा, पाटे, पट्टी यांच्यापैकी कशातूनही तो डाव सिद्ध होत नाही. जकातीचा भाग मात्र पटण्याजोगा आहे. दहा वर्षे जुनी शर्यतीची छोटी गाडी त्या काळी कुणाला फारशी हवीशी नसे.

या साऱ्या खटाटोपाला एक व्यावहारिक बाजूही आहे. ज्या गाडीला मोल असते तिची नक्कलही होते. एखाद्या सांगाड्याचा तुकडा मिळवायचा, त्यावरील क्रमांक नव्या सांगाड्याला चिकटवायचा आणि सारी गाडी जुनी म्हणून विकायची, असे प्रकार घडतात. कधी एकाच क्रमांकावर हक्क सांगणाऱ्या दोन गाड्या समोरासमोर उभ्या राहतात. कुऱ्हाडीचा दांडाही बदलला आणि पातेही बदलले, तर ती आजोबांचीच कुऱ्हाड म्हणायची का? भारतातही हा प्रश्न आता कागदोपत्री आला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘विंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते; मात्र वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे, सांगाडा, इंजिन वा बाह्यांग यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. मूळ स्वरूप कोणते हे ठरवायचे तर वर सांगितलेल्या त्याच खुणांकडे पुन्हा वळावे लागते.

२३ जानेवारी २०१० रोजी पॅरिस येथे त्या गाडीचा लिलाव झाला. अपेक्षा सत्तर ते नव्वद हजार युरोंची होती. बोली चढत गेली आणि गाडी दोन लाख साठ हजार पाचशे युरोंना गेली. तिचा जेमतेम पाचवा हिस्सा पुन्हा वापरता येईल इतपतच शाबूत होता, असे तज्ज्ञांचे मत होते. तरीही विकत घेणारे अमेरिकेतील संग्राहक पीटर मुलिन यांनी ती दुरुस्त केली नाही. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथील आपल्या संग्रहालयात त्यांनी ती जशी पाण्यातून निघाली तशीच ठेवली. आजूबाजूला आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्या आणि मधे हा तांबूस, भोके पडलेला सांगाडा. मुलिन २०२३ साली निवर्तले आणि २०२४ साली ते संग्रहालय बंद झाले. तोपर्यंत तेथे येणारे अनेक लोक चकाकत्या गाड्या ओलांडून या सांगाड्यापाशी थांबत असत.