संयुक्त पदवी व जुळी पदवी : मुलास पाठविण्यापूर्वीं काय पाहावें

शेतकीचें उच्च शिक्षण मुलास अर्धें येथें व अर्धें परदेशांत द्यावें, असा विचार बऱ्याच बागाईतदार घरांतून आतां होतो. माहितीपत्रकांत मात्र ‘ट्विनिंग’, ‘जॉइंट डिग्री’ व ‘ड्युअल डिग्री’ हे तीन शब्द असे मिसळून वापरलेले आढळतात कीं, जमिनीवर कर्ज काढून फी भरणाऱ्या बापास मुलाच्या हातीं शेवटीं कोणाच्या शिक्क्याचा कागद पडणार याचा उलगडा होत नाहीं. वास्तविक या तिन्ही शब्दांचे अर्थ विद्यापीठ अनुदान आयोगानें सन २०२२ च्या मे महिन्यांत प्रसिद्ध केलेल्या नियमांनीं ठरवून दिले आहेत, आणि ते एकमेकांपासून पुष्कळ भिन्न आहेत.

हे नियम कळण्यास ‘श्रेयांक’ म्हणजे काय तें प्रथम समजलें पाहिजे. सत्रभर आठवड्यास एक तास व्याख्यान, किंवा दोन तास प्रात्यक्षिक, यांबद्दल एक श्रेयांक मिळतो. असे ठराविक श्रेयांक सांठले म्हणजे पदवी. आयोगाच्या आराखड्यांत चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० श्रेयांक धरले आहेत. शेतकीच्या पदवीचा आंकडा तिच्या अभ्यासक्रमाप्रमाणें निराळा असतो, तरी हिशेबाच्या सोयीसाठीं येथें १६० च घेऊं. त्याचे शेंकडा तीस म्हणजे ४८. सर्व नियम या ४८ च्या भोंवतीं फिरतात.

ट्विनिंगमध्यें विद्यार्थी येथल्याच विद्यापीठाचा असतो. कांहीं काळ तो परदेशीं शिकतो, पण तेथें मिळविलेले श्रेयांक ४८ हून अधिक धरतां येत नाहींत, आणि पदवी एकट्या भारतीय संस्थेची. सावडीनें शेजाऱ्याचे बैल आणले तरी सातबारा आपल्याच नांवाचा राहतो, तसाच हा प्रकार होय. परदेशी विद्यापीठाची पदवी मिळणार या आशेनें जो यांत शिरेल त्याची निराशा ठरलेली आहे.

संयुक्त पदवी हें सामाईक खातें होय. अभ्यासक्रम दोन्ही संस्था मिळून आंखतात, प्रत्येकीकडून किमान ४८ श्रेयांक घ्यावे लागतात, आणि शेवटीं दोन्ही संस्थांच्या मुद्रा असलेलें एकच प्रमाणपत्र मिळतें.

जुळ्या पदवींत प्रमाणपत्रें दोन. दोन्ही संस्था आपापली पदवी निरनिराळी पण एकाच वेळीं देतात. विषय एकच व पायरीही एकच असली पाहिजे. विद्यार्थ्यानें दोहींकडे स्वतंत्र अर्ज करून दोहींच्या प्रवेशाच्या अटी पुऱ्या कराव्या लागतात. भारतीय संस्थेकडून निदान ४८ श्रेयांक हवेत, एवढेंच बंधन आहे. म्हणजे उरलेले ११२ पर्यंत परदेशांत होऊं शकतात. खर्चाचा खरा आंकडा येथें दडलेला असतो. एक सत्र बाहेर व पांच सत्रें बाहेर यांतील अंतर एखाद्या एकराच्या किंमतीएवढें पडूं शकतें, यास्तव ‘जुळी पदवी’ या नांवावर न जातां परदेशांतील सत्रें किती हें विचारावें. शिवाय दोन्ही संस्थांच्या सर्व अटी पुऱ्या झाल्यावरच पदव्या मिळतात. एकीकडचा प्रबंध राहिला कीं दुसरीकडचें कामही अडकलें. आमच्या मतें तिहींमध्यें हाच प्रकार सर्वांत आकर्षक आणि हाच सर्वांत जोखमीचा. तो शेतकीस नवा मात्र नाहीं. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषि विद्यापीठानें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाबरोबर पदव्युत्तर शिक्षणांत हा प्रयोग या नियमांच्या पूर्वींच केला होता.

याच्याशीं दुसऱ्याच एका गोष्टीचा घोटाळा केला जातो. सन २०२२ च्या एप्रिलमध्यें आयोगानें तासांच्या वेळा आड येत नसतील तर एकाच वेळीं दोन निराळे पूर्ण वेळेचे अभ्यासक्रम करण्याची परवानगी दिली. त्यांत श्रेयांकांची देवघेव नाहीं, आणि तिचा जुळ्या पदवीशीं कांहीं संबंध नाहीं.

आयोगाच्या वेगळ्या मंजुरीशिवाय असे करार करण्याची मोकळीक ‘नॅक’चे किमान ३.०१ गुण मिळविलेल्या, किंवा राष्ट्रीय क्रमवारींत पहिल्या शंभर विद्यापीठांत असलेल्या, अथवा विशेष दर्जा दिलेल्या भारतीय संस्थांस नियमांनीं दिली. परदेशी संस्था ‘टाइम्स’ किंवा ‘क्यूएस’ यांच्या यादींत पहिल्या हजारांत हवी. घरबसल्या ऑनलाइन चालणाऱ्या अभ्यासक्रमांस हे नियम लागू नाहींत. परदेशी विद्यापीठाचें नांव भाड्यानें घेऊन शहरांत वर्ग थाटण्याची पद्धत, मग तिला कोणतेंही नांव द्या, साफ वर्ज्य आहे. योग्य रीतीनें मिळालेली संयुक्त वा जुळी पदवी भारतीय पदवीच्या बरोबरीची मानली जाते. समकक्षतेचा वेगळा दाखला लागत नाहीं. पशुवैद्यकासारख्या विषयांत मात्र त्या त्या परिषदेची संमतीही पाहावी लागते.

शेतकीच्या विद्यार्थ्यास एक अडचण अशी आहे कीं जी इंजिनिअरिंगच्या मुलास नसते. आपल्या बी. एस्सी. कृषि अभ्यासक्रमांत चौथ्या वर्षीं ग्रामीण कृषि कार्यानुभवाचें सत्र असतें. मुलानें गांवीं राहून शेतकऱ्यांच्या शेतावर हंगाम पाहावयाचा असतो. तेंच वर्ष परदेशीं गेलें तर हें सत्र केव्हां व कोठें होणार? ऑस्ट्रेलियांत शैक्षणिक वर्ष फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सुरू होतें, त्यामुळें आपला खरीप हंगाम व तेथलें सत्र यांचा मेळ बसत नाहीं. तसेंच एकच भाग दोनदां शिकून दोनदां श्रेयांक घेतां येत नाहींत; मृदाशास्त्राचा तोच पाठ येथें झाला असेल तर तिकडे दुसरा विषय घ्यावा लागेल, व तो तेथें शिकवितात कीं नाहीं हें आधीं पाहिलें पाहिजे.

आतां मुलगा मध्येंच परत आला तर काय, हा प्रश्न. व्हिसा नाकारला जातो, पाऊस दगा देतो, पैसे सरतात. अशा विद्यार्थ्यांसाठीं बाहेर पडण्याचा मार्ग ठेवण्याची व त्याचे श्रेयांक पुढें कसे धरले जातील हें स्पष्ट सांगण्याची जबाबदारी नियमांनीं भारतीय संस्थेवर टाकली आहे. प्रवेशाच्या गडबडींत हें कोणी विचारीत नाहीं. ८० श्रेयांक मिळवून मुलगा परतला तर त्यास येथें कोणत्या पदवीच्या कितव्या वर्षांत घेतील, परदेशांतील कोणते विषय मान्य होतील, आणि भरलेल्या फीपैकीं काय परत मिळेल, या तिन्ही गोष्टी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडून सहीशिक्क्यानिशीं लिहून घ्याव्या, व तें पत्र हातीं आल्यावरच पहिला हप्ता भरावा.