नात्तो : आंबवलेल्या सोयाबीनचं बळ

जपानमध्ये न्याहारीला गरम भातावर घेतात तो नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. वाफवलेल्या दाण्यांना बॅसिलस सबटिलिस जिवाणूंचं विरजण लावून ते सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या उबेत दिवसभर ठेवतात. पूर्वी भाताच्या पेंढ्यात बांधत. जिवाणू प्रथिनं फोडतात, म्हणून ती पचायला हलकी होतात. ढवळलं की चिकट तारा सुटतात, वासही उग्र. खरं मोल के-२ जीवनसत्त्वाचं: हाडांतल्या कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला ते लागतं आणि इतक्या प्रमाणात दुसऱ्या अन्नात क्वचितच मिळतं. मात्र वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेणाऱ्यांनी नात्तो टाळायलाच हवा. याच के-२मुळे त्या औषधाचा परिणाम घटतो. मिसोला, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या खारट लगद्याला, लागतं तसं भरपूर मीठ नात्तो आंबवताना लागत नाही, ही उच्च रक्तदाबवाल्यांच्या सोयीची गोष्ट. सिक्कीमचा किनेमा, मणिपूरचं हवाइजार याच जातकुळीतले.