उडालेलं पाखरू परततं तेव्हा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आनी नावाच्या इजिप्शियन लेखनिकाचा एक लांबलचक पपायरस आहे, इसवी सनापूर्वी 1250 च्या आसपासचा. त्यातल्या एका चित्रात आनीची ममी मंचकावर आडवी आहे आणि तिच्यावर माणसाच्या तोंडाचा एक पक्षी पंख पसरून तरंगतो आहे. हा त्याचा ‘बा’. आपण सवयीने त्याला आत्मा म्हणून मोकळे होतो. पण आपला आत्मा एकदा देह सोडून गेला की त्या देहाशी त्याचं देणंघेणं उरत नाही. बाचं तसं नव्हतं. तो दिवसा थडग्याबाहेर पडायचा, उन्हात हिंडायचा, झाडाच्या सावलीत पाणी प्यायचा आणि रात्री देहाकडे परत यायचा. परतायला देहच उरला नाही तर त्याची पंचाईत. देह टिकवण्याचा एवढा खटाटोप चालायचा त्यामागे हेही एक कारण. ‘मृतांचं पुस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहातला 89 वा मंत्र तर खास याच कामाचा. बा कुठे रेंगाळला असेल तर त्याला आणून द्या, असं त्यात देवांना जवळजवळ दरडावून सांगितलं आहे. सोबत सूचनाही आहे: सोन्याचा बा घडवून, त्यात रत्नं जडवून तो मृताच्या छातीवर ठेवावा. खरा आला नाही तर हा असावा, इतकी व्यवहारी तयारी.

पक्षी आणि आत्मा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र येतं. पिंजरा उघडला, प्राणपाखरू उडालं. कीर्तनात हेच, शोकसभेतही हेच. मला ही प्रतिमा सगळ्यांत कमी बोलकी वाटते. माणूस गेला हे तर समोर दिसतंच आहे, ते सांगायला पक्षी कशाला हवा? निरनिराळ्या लोकांनी आत्म्याला दिलेले पक्षी जवळून पाहिले की जाणवतं, मागे राहिलेल्यांचा जीव त्या पाखराच्या उडण्यात अडकलेला नसतो. ते परत येईल का, आलं तर काही खाईल का, काही बोलेल का, यात अडकलेला असतो.

उडून जाणाऱ्यांची यादी मोठी आहे, ती भराभर उरकतो. प्लेटोने ‘फीड्रस’मध्ये आत्म्याला पंख दिले आणि ते झडले की तो खाली कोसळतो असं सांगितलं. रोमच्या भूमिगत दफनभूमींत ख्रिस्ती थडग्यांवर चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेलं कबुतर कोरलेलं आढळतं. संत बेनेडिक्टने आपल्या बहिणीचा, स्कोलास्टिकाचा, आत्मा कबुतराच्या रूपात आकाशात जाताना पाहिला, अशी कथा पोप ग्रेगरीने नोंदवली आहे. इस्लामी परंपरेत हुतात्म्यांचे आत्मे हिरव्या पक्ष्यांच्या पोटात राहतात आणि ईश्वराच्या सिंहासनाला टांगलेल्या दिव्यांत त्यांची घरटी असतात, असं हदीस सांगते. निशापूरच्या अत्तारने बाराव्या शतकात पक्ष्यांचा अख्खा थवाच राजाच्या शोधात धाडला. पण त्या पक्ष्यांवर लिहायचं तर स्वतंत्र लेखच हवा.

आपल्या तत्त्वज्ञानातला सर्वांत प्रसिद्ध पक्षी मात्र उडतच नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात आणि तिथून मुंडक व श्वेताश्वतर उपनिषदांत एकाच झाडावर बसलेले दोन सखे पक्षी येतात. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. खाणारा तो जीव, पाहणारा तो परमात्मा, असा अर्थ पुढे रूढ झाला. उडण्याचं काम हंसाकडे गेलं आणि त्याने ते संतसाहित्यात चोख बजावलं.

लोककथेने याहून मजेदार सोय केली. राक्षसाचा प्राण पोपटात, पोपट पिंजऱ्यात आणि पिंजरा सात समुद्रांपलीकडे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची मुलगी मेरी 1865-66 च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. तिच्या दिमतीला असलेल्या आया ॲना लिबेराता डिसोझा यांनी तिला गोष्टी सांगितल्या. ॲना यांचे आजोबा लिंगायत, गोव्यात येऊन ख्रिस्ती झालेले. गोष्टी आजीकडून ऐकलेल्या. त्या गोष्टींचं पुस्तक ‘ओल्ड डेक्कन डेज’ 1868 मध्ये निघालं. त्यातल्या पंचकिन नावाच्या जादूगाराचा जीव दूर रानात, सहा घागरींच्या उतरंडीखाली ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या लहानशा हिरव्या पोपटात असतो. पोपटाचा पंख तोडला की जादूगाराचा हात गळून पडतो. मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझरने ‘गोल्डन बाऊ’मध्ये देहाबाहेर ठेवलेल्या प्राणाच्या उदाहरणांत ही गोष्ट घेतली आणि आयाबाईंचा पोपट जगभरच्या अभ्यासकांच्या टेबलावर जाऊन बसला. इथे पक्षी मोक्षाबिक्षाचा कुणी लागत नाही. तो तिजोरी आहे.

परत बोलावण्याची सगळ्यांत घरगुती तऱ्हा मलायातली. घाबरलेल्या किंवा आजारी माणसाचा प्राण पाखरासारखा बुजून दूर जातो, अशी तिथली समजूत. त्याला आणायला तांदूळ टाकतात आणि कोंबड्यांना बोलावताना काढतात तोच आवाज काढतात. वॉल्टर स्कीटने 1900 च्या ‘मले मॅजिक’मध्ये हे नोंदवलं आहे. मेक्सिकोत सोळाव्या शतकात सहागुन या फ्रान्सिस्कन साधूने अॅझटेकांकडून ऐकलं ते असं: रणात पडलेले योद्धे चार वर्षं सूर्याला सोबत करतात, मग हमिंगबर्ड होऊन फुलांतला मध प्यायला पृथ्वीवर येतात. स्वर्ग मिळूनही त्यांना इथल्या फुलांवर यावंसं वाटतं, हे मला फार आवडतं.

पण सगळ्यांत खोल गेलेत ते पापुआ न्यू गिनीतले, बोसावी पर्वताच्या पायथ्याच्या पर्जन्यवनातले कालुली लोक. स्टीव्हन फेल्ड हा अमेरिकी संगीत-अभ्यासक 1970 च्या दशकात त्यांच्यात राहिला; त्याचं ‘साउंड अँड सेंटिमेंट’ हे पुस्तक 1982 चं. तो पक्ष्यांच्या जाती, उपजाती विचारत बसला, तेव्हा त्याला समजावण्यात आलं की तुला जे पक्षी वाटतात ते आमच्या लेखी रानातले आवाज आहेत. दाट रानात पक्षी दिसतो क्वचित, ऐकू सतत येतो. मेलेली माणसंही तशीच: दिसत नाहीत, पण बोलतात.

त्यांची मूळ कथा एका भावाबहिणीची आहे. दोघं ओढ्यावर झिंगे धरायला जातात. बहिणीला पुष्कळ मिळतात, धाकट्याला एकही नाही. तो मागतो, ती म्हणते, हा आईसाठी. पुन्हा मागतो, हा बापासाठी. शेवटी त्याला एक छोटा झिंगा सापडतो. त्याचं लाल कवच तो नाकावर चढवतो, हातांना पिसं फुटतात आणि तो मुनी नावाचं कबुतर होऊन उडतो. बहीण हाका मारत राहते. त्याच्या घुमण्यातले उतरते सूर हेच कालुली बायकांच्या मृत्यूनंतरच्या रडण्याचे सूर. भूक, नकार आणि मरण तिथे एकाच सुरात बांधलेले आहेत.

त्यांच्या गिसालो नावाच्या सोहळ्यात पिसांनी सजलेला नर्तक यजमानांच्या गावचे ओढे, डोंगर, रानवाटा यांची नावं घेत गायचा. ऐकणाऱ्याला त्या वाटेवर आता नसलेलं माणूस आठवायचं, तो ढसाढसा रडायचा आणि संतापून जळती मशाल नर्तकाच्या खांद्यावर टेकवायचा. नर्तक गात राहायचा. शेवटी ज्यांना रडवलं त्यांना गाणारेच भरपाई द्यायचे. परत आलेला पक्षी किती महागात पडतो, हे इतक्या रोखठोकपणे दुसऱ्या कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे हा मान कावळ्याचा. दहाव्याला घाटावर पिंड मांडतात आणि सगळे जरा मागे सरून उभे राहतात. येणारा कावळा हा गेलेला माणूस, पितर की यमाचा दूत, यावर एकमत नाही आणि घाटावर कुणी ते विचारतही नाही. कावळा झाडावर येऊन बसला आणि नुसता बघत राहिला तर माणसं अस्वस्थ होतात. उपनिषदात न खाता पाहणारा पक्षी श्रेष्ठ. इथे तोच नकोसा. खाणारा हवा, कारण खाल्लं म्हणजे मागे काही राहिलं नाही. फारच वेळ गेला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात.

त्याआधी मात्र कुणीतरी हात जोडून पुढे होतो. धाकटीचं लग्न आम्ही करू. आईला अंतर देणार नाही. शेताच्या वाटणीवरून भांडणार नाही. जिवंतपणी जे बोलायचं टाळलं ते त्या झाडाकडे बघून बोलावं लागतं, तेही सगळ्या भावकीच्या समोर. मग कावळा शिवो नाहीतर दर्भावर भागो, चारचौघांत दिलेला शब्द पुढच्या वर्षी नाकारायचा म्हटला तर ऐकलेले तेवढे सगळे साक्षीला हजर असतात.