पाव किल्ला: पार्श्वचित्राचं माप कसं ठरवावं

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्गाचा फोटो काढला की तो आडवाच येतो. 1664 साली कुरटे बेटावर काम सुरू झालेला हा किल्ला उंचीने नव्हे, लांबीने नजरेत भरतो. आपल्याकडचे घरगुती निवासवाले तोच फोटो संकेतस्थळाच्या पाठीमागे लावतात आणि मग विचारतात, "सर, साइज किती ठेवू?"

संगणकासाठी 1920 बाय 1080 पिक्सेल बहुतेक ठिकाणी चालतं. जुन्या लॅपटॉपचा 1366 बाय 768 पडदाही जवळपास त्याच प्रमाणातला, 16:9. चित्र नुसतं लहान होतं. खरी अडचण फोनची. आणि मुंबई-पुण्याचा पाहुणा खोली शोधणार फोनवरच ना!

फोन उभा. समजा, ब्राउझरच्या हिशेबाने त्याचा पडदा 360 बाय 800. सीएसएसमध्ये 'कव्हर' लिहिलं, की पडदा पूर्ण झाकेल असं चित्र बसवलं जातं. उंची 800, म्हणून रुंदी 1422. त्यातले दिसणार 360. म्हणजे पाव किल्ला! तोही कोणता? आपण काहीच सांगितलं नाही तर डावीकडचा. तिथे बऱ्याचदा नुसता समुद्र असतो. 'कन्टेन' लिहिलं तर किल्ला अख्खा दिसतो, पण जेमतेम 203 पिक्सेल उंचीची पट्टी होऊन. न्यायदर्शन अवयवीला अवयवांहून वेगळा मानतं. ब्राउझरला असला काही अवयवी ठाऊक नाही, त्याला चौकट तेवढी कळते. तुकडा आपणच निवडायचा.

तो 'बॅकग्राउंड-पोझिशन'ने निवडता येतो. आमच्या मते त्याहून बरं म्हणजे फोनसाठी उभं चित्र वेगळंच कापावं आणि मीडिया क्वेरीने अरुंद पडद्याला तेच द्यावं. दरवाजाभोवती कापू नका. तो लांबून दिसतच नाही, शत्रूला सापडू नये म्हणूनच तसा बांधलाय. तटाचा एक बुरूज, पुढे होडी, वर मोकळं आभाळ. अक्षरं आभाळावर बसतात.

आता हे चित्र 360 रुंदीचं करू नये, धुरकट दिसेल. अशा फोनवर हिशेबाच्या एका पिक्सेलमागे आडवे तीन खरे पिक्सेल असतात, म्हणजे खरी रुंदी 1080. पण मागच्या चित्राला 720 बाय 1600 पुरतं. कॅमेऱ्यातला 4000 रुंदीचा, काही एमबींचा मूळ फोटो मात्र कधीच चढवू नका. वेबपीत साठवून तो दोन-तीनशे केबीत बसवा, आणि खाली समुद्राच्या रंगाचा 'बॅकग्राउंड-कलर' द्या. रेंज कमी असली तर चित्र येईपर्यंत पांढऱ्यावर पांढरी अक्षरं तरी राहणार नाहीत.