‘अशक्य’ कामांचा संत: अडचणीत सापडलेले लोक सेंट ज्यूडकडे नेमकं काय मागतात?

भिवंडी तालुक्यातलं वज्रेश्वरी देवीचं मंदिर तुम्ही पाहिलं असेल, तर त्याची तटबंदी लक्षात राहिली असेल. हे मंदिर किल्ल्यासारखं का दिसतं? त्यामागे एक आख्यायिका आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या वसईच्या किल्ल्याला चिमाजी अप्पांनी वेढा घातला होता. किल्ला काही केल्या पडत नव्हता. तेव्हा त्यांनी देवीला नवस केला, की वसई मिळाली तर तुझं मंदिर किल्ल्यासारखं बांधीन. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि पुढे नवस फेडला गेला.

सगळे उपाय थकले की माणूस नवस बोलतो, हे आपल्याला नवीन नाही. त्याच वसईत आज मराठी बोलणारा मोठा कॅथलिक समाज राहतो. आणि कॅथलिक परंपरेत तर अशाच वेळेसाठी एक खास संत आहे. सेंट ज्यूड. ज्याचं कुठेच काही चालत नाही, त्याने याच्याकडे यायचं, अशी श्रद्धा आहे.

‘ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नऊ दिवसांत चमत्कार होईल’ अशा अर्थाचा मेसेज तुमच्याही व्हॉट्सॲपवर येऊन गेला असेल. त्यातला संत बऱ्याचदा हाच असतो. पण हा संत कोण, अशक्य कामं त्याच्याच वाट्याला का आली आणि त्या मेसेजमध्ये किती तथ्य आहे? सोप्या भाषेत समजून घेऊ.

एका नावाचा घोळ

सेंट ज्यूड हे येशूच्या बारा प्रेषितांपैकी, म्हणजे सर्वांत जवळच्या शिष्यांपैकी एक. मराठी बायबलमध्ये मत्तय आणि मार्क यांनी दिलेल्या यादीत त्यांचं नाव ‘तद्दय’ असं येतं, तर लूकच्या यादीत ‘यहूदा’.

इथेच घोळ आहे. कारण येशूला पैशांसाठी पकडून देणाऱ्या शिष्याचं नावही यहूदाच होतं. यहूदा इस्कर्योत. योहानाच्या शुभवर्तमानात ज्यूड एकदाच बोलतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी ते येशूला विचारतात, की तुम्ही स्वतःला फक्त आम्हालाच प्रकट करणार, साऱ्या जगाला का नाही? पण तिथेही लेखकाला आधी खुलासा करावा लागतो, की हा यहूदा म्हणजे तो इस्कर्योत नव्हे.

लोकपरंपरा असं सांगते, की नाव ऐकून लोक गोंधळायचे आणि या संताकडे कुणी प्रार्थनाच करायचं नाही. त्यामुळे जो कुणी येईल त्याला मदत करायला हा संत कायम तयार असतो. बाकी सगळ्यांकडे जाऊन झालं की शेवटी ज्यांच्याकडे जायचं, ते ज्यूड. त्यामुळे सर्वांत अवघड कामं त्यांच्याच वाट्याला आली.

हा इतिहासाचा पुरावा नाही, श्रद्धेतून आलेलं स्पष्टीकरण आहे. पण ज्याला सगळ्यांनी टाळलंय, अशा माणसाला हा संत आपला का वाटतो, हे त्यातून कळतं.

मंदीच्या वर्षात मिळालेला आधार

चर्चच्या दिनदर्शिकेत ज्यूड यांचा सण २८ ऑक्टोबरला असतो. पण आज दिसते तेवढी लोकप्रियता त्यांना मिळाली ती विसाव्या शतकात, आणि तीही कामगार वस्तीतून.

१९२९ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात ‘अवर लेडी ऑफ ग्वाडलूप’ या चर्चमध्ये फादर जेम्स टॉर्ट यांनी सेंट ज्यूडची प्रार्थना सुरू केली. चर्चमध्ये येणारे बरेच जण मेक्सिकोतून आलेले, पोलाद कारखान्यांत राबणारे कामगार होते. कामं सुटत चालली होती. त्याच वर्षी नेमका २८ ऑक्टोबरला, सणाच्याच दिवशी, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. दुसऱ्या दिवशी तो आणखी खाली गेला आणि महामंदी सुरू झाली. नोकरी गेलेल्या, घरभाडं थकलेल्या लोकांमध्ये या संताचं नाव पसरत गेलं.

यंत्रमाग बंद पडले की भिवंडीतल्या चाळींमध्ये काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

नवस फेडला, हॉस्पिटल उभं राहिलं

डॅनी थॉमस हे लेबनीज वंशाचे अमेरिकन कलाकार. उमेदवारीच्या काळात हातात पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी सेंट ज्यूडला साकडं घातलं, की मला आयुष्यात मार्ग दाखव, मी तुझ्या नावाने काहीतरी उभारेन. पुढे ते टीव्हीवरचे मोठे स्टार झाले आणि बोललेला नवस विसरले नाहीत. १९६२ मध्ये मेम्फिस शहरात ‘सेंट ज्यूड चिल्ड्रन्स रिसर्च हॉस्पिटल’ सुरू झालं. मुलांच्या कॅन्सरवर तिथे उपचार आणि संशोधन होतं आणि उपचारांचं बिल कुटुंबाला दिलं जात नाही.

वज्रेश्वरीची आख्यायिका आठवा. यश दे, मी तुझ्यासाठी बांधीन. देव वेगळा, देश वेगळा, पण शब्द तोच.

आपल्याकडे सेंट ज्यूड कुठे आहेत?

उत्तर प्रदेशात झाशीला सेंट ज्यूडचं मोठं तीर्थस्थान आहे. मुंबईत मालाड पूर्वेला आणि कुर्ला-अंधेरी रस्त्यावर जरीमरीला त्यांच्या नावाची चर्च आहेत. जरीमरी हे मुळात देवीचं नाव. पटकीसारख्या साथी आल्या की लोक तिला शरण जायचे. संकटात धाव घ्यायची दोन ठिकाणं अशी एकाच वस्तीत आहेत.

मुंबईत सेंट ज्यूड हे नाव आणखी एका कामाशी जोडलेलं आहे. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये देशभरातून कॅन्सर पेशंट येतात. उपचार काही महिने चालतात आणि तोवर राहायचं कुठे, हा गरीब कुटुंबांपुढचा मोठा प्रश्न असतो. अनेकांना फुटपाथवर दिवस काढावे लागतात. अशा मुलांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी २००६ मध्ये मुंबईत ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ सुरू केली. उपचार चालू असेपर्यंत तिथे मोफत राहता येतं. त्यासाठी कॅथलिक असावं लागत नाही.

नोव्हेना म्हणजे काय?

नोव्हेना म्हणजे सलग नऊ दिवस किंवा नऊ आठवडे केलेली प्रार्थना. हा शब्द लॅटिनमधल्या ‘नऊ’ या आकड्यावरून आला. येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य पवित्र आत्म्याची वाट पाहत प्रार्थना करत राहिले, त्या नऊ दिवसांची ही आठवण मानली जाते. प्रार्थना करणाऱ्यांच्या त्या यादीत ज्यूड यांचंही नाव आहे.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी मदर मेरीची नोव्हेना होते. तिथे हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती सगळ्यांची गर्दी असते.

मग ही संताची पूजा झाली का? चर्चची शिकवण सांगते, नाही. उपासना फक्त देवाची. संताला फक्त विनंती करायची, की माझ्यासाठी देवाकडे शब्द टाक. आपण आजारी असलो की घरातल्या मोठ्यांना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणतो, तसंच.

मेसेज फॉरवर्ड केला नाही तर?

काही होत नाही.

फॉरवर्डची ही पद्धत व्हॉट्सॲपच्या आधीची आहे. पूर्वी प्रार्थनेच्या नऊ प्रती काढून नऊ दिवस चर्चमध्ये ठेवायला सांगणारे कागद फिरायचे. नुसते शब्द म्हटले किंवा ठरावीक कृती केली की फळ मिळतंच, असं समजणं म्हणजे अंधश्रद्धा, हे कॅथलिक चर्चच्या अधिकृत शिकवणीतच लिहिलेलं आहे. त्यामुळे हमी देणारा किंवा साखळी तोडली तर वाईट होईल अशी भीती घालणारा मेसेज त्या शिकवणीत बसत नाही. आणि प्रार्थना करायची म्हणून औषध थांबवा, असं तर या परंपरेत कुठेच सांगितलेलं नाही. या संताच्या नावाने उभं राहिलं ते हॉस्पिटल.

या श्रद्धेत एक परतफेड मात्र खरंच सांगितली जाते. काम झालं तर आभार मानायचे आणि इतरांना सांगायचं. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत छोट्या जाहिरातींमध्ये वर्षानुवर्षं सेंट ज्यूडचे आभार छापून येत आलेत. मजकूर जेमतेम एक-दोन ओळींचा, खाली बहुतेक वेळा फक्त आद्याक्षरं. संकट कोणतं होतं, ते त्यात लिहिलेलं नसतं. कुणाची नोकरी असेल, कुणाचं मूल असेल. ते टळलं, एवढंच वाचणाऱ्याला कळतं.