शून्य कुठे लावायचं?

आपल्याकडे फोन वाजतो तो ‘ट्रिंग-ट्रिंग’ असा, जोडीने. आपण फोन लावल्यावर कानात येणारा रिंगचा सूरही तसाच: ०.४ सेकंद आवाज, ०.२ सेकंद गप्प, पुन्हा ०.४ सेकंद आवाज आणि मग दोन सेकंद शांतता. अमेरिकेत दोन सेकंदांची एकच लांब घंटा आणि चार सेकंद विराम. ही नुसती कानाची गंमत वाटेल. पण रत्नागिरीतल्या एखाद्या हॉटेलात किंवा आंब्याच्या पेढीवर जुनी लँडलाइन आणि नेटवर्कवरचे फोन एकमेकांना जोडणारी गेटवेची डबी बसवली, की असल्या गोष्टी तिला कोणीतरी सांगाव्या लागतात. सांगायची जागा म्हणजे तिची सेटिंग्जची फाइल. ती तंत्रज्ञाची खासगी बाब आहे असं सगळे धरून चालतात. मला ती दुकानाच्या खातेवहीच्या जातीची वाटते: मालकाला तिच्यातलं निदान मोघम वाचता यावं, आणि तिची एक प्रत त्याच्याच कपाटात असावी.

डबीच्या एका बाजूला तांब्याची तार, दुसऱ्या बाजूला नेटवर्कची केबल. तारेवरचा आवाज ती आकड्यांत मोडून केबलवर सोडते आणि तिकडून आलेले आकडे पुन्हा आवाजात बदलते. काम इतकंच, अडचण येते ती तारेच्या बाजूला. पलीकडच्याने फोन ठेवला हे या डबीला बहुतेक वेळा एंगेज टोन ऐकूनच ओळखावं लागतं. भारतातला हा टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजणारा आणि पाऊण सेकंद थांबणारा. फाइलमध्ये देश अमेरिका राहून गेला, तर डबी अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या वेगळ्याच सुराची वाट बघत बसते. बोलणारा केव्हाच गेलेला, लाइन मात्र अडकलेली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला एंगेज. मग लाइनमन येतो, तार तपासतो, तार ठणठणीत! दुरुस्ती असते फाइलमधल्या दोन-तीन ओळींची.

खरी मेख आहे ती नंबर फिरवण्याच्या नियमांत. रत्नागिरीचा एसटीडी कोड ०२३५२, म्हणून शहरातला नंबर सहा आकडी. हा नियम फाइलमध्ये नसेल, तर सहावा आकडा दाबल्यावरही डबी आणखी आकडे येतील म्हणून काही सेकंद थांबून राहते, आणि फोन लागत नाही असं समजून माणूस रिसीव्हर ठेवतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. डबीत त्यासाठी एक ओळ पुरते: बाहेर जाणारा नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ यांपैकी एकाने सुरू होणारा असेल, तर त्याच्या आधी शून्य जोड. याहून गंभीर प्रकरण हॉटेलांचं. खोलीचा नंबर तोच इंटरकॉमचा, ही सोय सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. पण पहिल्या मजल्यावरचे नंबर बघा: १०१ म्हणजे अग्निशमन, १०२ आणि १०८ म्हणजे रुग्णवाहिका, ११२ म्हणजे सगळ्या आपत्कालीन सेवांचा एकच क्रमांक. गणपतीपुळ्याला उतरलेल्या पाहुण्याने रात्री घाबरून ११२ फिरवला आणि शेजारच्या खोलीतला माणूस झोपेतून उठला, तर दोष कुणाचा? तंत्रज्ञाने सांगितलं तसं केलं. खोल्यांना ११०१, ११०२ असे चार आकडी नंबर द्यायचे आणि ११२ थेट बाहेर सोडायचा, हा निर्णय मालकाचा. तो फाइलमध्ये लिहिलेला दिसत नसेल, तर तो झालेलाच नाही.

यावर कोणी म्हणेल, हल्ली डबीचं पान ब्राउझरमध्ये उघडतं, चौकोनांवर टिचक्या मारल्या की झालं, फाइल कशाला? पहिल्या दिवशी ते सोपं आहे, कबूल. पण कुठल्या पानावरची कुठली खूण का केली, हे टिचकी सांगत नाही. फाइलमध्ये कालची आणि आजची ओळ शेजारी ठेवून बघता येते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. अशा पाण्यात गेलेली डबी बाजारात पुन्हा मिळते, तिच्यातले नियम मिळत नाहीत. प्रत दुसरीकडे असेल, तर नवी डबी त्याच मॉडेलची आणून तासाभरात तीच घडी बसवता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: फाइलमध्ये पासवर्ड असतात, मालकाकडे प्रत म्हणजे चोराला किल्ली. धोका खरा आहे. अशा डब्या हेरून रात्रीत महागडे परदेशी कॉल करणारे जगभर आहेत. म्हणून प्रत कुलपात ठेवावी, आणि परदेशी फोन करावे लागत नसतील तर दोन शून्यांनी सुरू होणारा रस्ता फाइलमध्येच बंद करावा. पासवर्ड फक्त निघून गेलेल्या तंत्रज्ञालाच ठाऊक असण्यात कसली आली सुरक्षितता? विजेच्या बाबतीत मात्र फाइलचा इलाज चालत नाही. जुन्या तारेवरचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा, डबीला आपली वीज लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती, तिथे साधा इन्व्हर्टरही पुरला नसता. एखादा साधा फोन थेट तारेवर ठेवावा हे बरं.

आणि वाचता येण्याचं म्हणाल, तर ॲस्टरिस्क या फुकट मिळणाऱ्या टेलिफोन प्रणालीच्या फाइलमध्ये अर्धविरामानंतरचा मजकूर यंत्र वाचतच नाही. ती जागा माणसांसाठी मोकळी सोडलेली आहे, तिथे मराठीतही लिहिता येतं: ‘खोली १०१ साठी ११०१ फिरवा. नुसतं १०१ म्हणजे अग्निशमन.’